नाव घेऊन हाक

"नाव घ्यायचं," चन्नय्या स्वामी म्हणाले. "मनातल्या मनात नाही. तोंडानं, ऐकू जाईल असं. वाटेत ओढा लागला, वळण आलं, चढण आली की थांबायचं. नाव घेऊन हाक मारायची आणि काय आलंय ते सांगायचं. ओढा आला, पाय जपून टाक. चढण आली, दमानं ये. हाक चुकली की माणूस तिथंच मागं राहतं. मग वर नुसती माती पोचते."

स्वामींनी मोटारसायकल बाभळीखाली लावली होती. त्या आठवड्यात ते धरणाकाठच्या सगळ्या वस्त्यांवर हेच सांगत फिरत होते. सांगून सांगून त्यांचा आवाज सपाट झाला होता.

माझी मुलगी सुवर्णा सासरहून मुद्दाम आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, ऐकलंत न्हवं?"

"ऐकलं."

"जमंल?"

"बघू."

ती का विचारतेय ते मला कळत होतं. तिच्या आईचं नाव मी कधीच घेतलेलं नव्हतं. आमच्या वेळी घेत नसत. लग्नात सगळे मागं लागले, नाव घे, नाव घे. मी मान खाली घालून बसलो. शेवटी मामानं माझ्या वतीनं घेतलं आणि मांडव हसला. पुढं जन्मभर मी तिला 'ऐकलंस का' म्हणत आलो. ती मळ्यात असू दे, न्हाणीत असू दे, शेजारी बसलेली असू दे, ऐकलंस का म्हटलं की यायची. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंटचं नाव काय, तेव्हाही सुवर्णानंच सांगितलं होतं. पोटात दुखतंय म्हणून तिला घेऊन गेलो होतो. परत आणली ती गाडीत आडवी घालून.

तिचं नाव नीलव्वा. आता लिहिताना लिहितोय.

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्डा काढून त्यात बसवतात, मांडी घालून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन. नदीत सोडायला अस्थी नसतात. जे काय असतं ते त्या जागेवर असतं. आणि ती जागा पाण्याखाली जाणार होती.

धरण नवं नव्हतं. मी शाळेत जायचो तेव्हापासून ते होतं. आता त्याच्या सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवून पाणी आणखी वर चढवायचं ठरलं होतं. वाढलेलं पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडच्या कोरड्या गावांना जायचं होतं. मोजणीवाल्यांनी पाणी कुठवर येणार तिथं पांढरे दगड पुरले होते, माथ्याला तांबडा रंग लावून. आमचं गाव दगडांच्या खाली होतं. रुद्रभूमी, आमची पुरायची जागा, तीही खाली. वर माळावर नवं गाव उठत होतं, तिथं पुरण्यासाठीही जागा दिली होती. माणसं हलवायची नाहीत, असं स्वामींनी सांगितलं. एकदा बसवलेल्याला उठवायचं नाही. वरची हातभर माती काढायची, नव्या कापडात बांधायची, बुट्टीत ठेवून डोक्यावरून वर न्यायची. ज्यानं वर्षभर पाणी घातलं त्यानंच न्यायची आणि त्यानंच हाक मारायची.

मी दर सोमवारी पाणी घातलं होतं. पाणी, बेलाचं पान, आणि मूठभर भाजलेल्या शेंगा. तिला शेंगा आवडायच्या. त्याहून जास्त काही मी केलं नव्हतं. बोललोही नव्हतो. तिथं जाऊन बसायचो आणि म्हशीची वेळ झाली की उठायचो. लोक म्हणायचे, लिंगाप्पानं सोसलं बघा. मी सोसलं वगैरे काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायचो, अंधार पडला की पडायचो.

पण ती माती वर पोचली पाहिजे, एवढं एक मला कळत होतं. आणि त्यासाठी तिचं नाव घ्यावं लागणार होतं.

आमच्या शेजारीच मल्काप्पा त्याच्या आईची माती काढायला आला होता. दोन्ही जागा लागून होत्या, मधे दोन पावलांची वाट. माझ्या नीलव्वावर मी ओढ्यातला चपटा दगड ठेवला होता, त्याच्या गंगव्वावर त्यानं घडवलेला चौकोनी दगड ठेवला होता. दर सोमवारी आम्ही दोघं एकाच वेळी तिथं असायचो आणि एकमेकांकडं पाठ करून बसायचो. मल्काप्पा माझ्याशी बोलत नव्हता. त्याचं कारण नीलव्वा होती.

उंची वाढवायची बातमी आली तेव्हा गावसभा भरली होती. सगळं गाव विरोधात. मल्काप्पा पुढं. त्याचा नदीकाठचा ऊस चांगला होता आणि त्याचा आवाजही मोठा होता. तो म्हणाला, एकाही माणसानं संमती द्यायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तेवढ्यात बायकांतून नीलव्वा उठली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. घरी ती काही बोलली नव्हती.

"पाणी जाऊ दे तिकडं," ती म्हणाली. "माझं माहेर डोंगरापलीकडं, कोनकेरी. माझी आई टँकरमागं घागर घेऊन पळताना पडली, कंबर मोडली, ती परत उठली न्हाई. घर माझंबी बुडायचं हाय. तरी मी म्हणते, जाऊ दे."

मग मल्काप्पा म्हणाला, "माहेराला पाजायला सासर बुडवतीस व्हय ग?"

सगळे हसले. माझ्या शेजारचा म्हणाला, "लिंगाप्पा, हिला कोनकेरीलाच धाड." मी खाली बघत होतो.

ती बसली नाही. "मल्काप्पा, तू एकदा चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात चल. तिथं पाहुण्याला पाणी देताना पेला अर्धाच भरतात. अर्धा पेला पिऊन ये, मग बोल."

"मी न्हाई यायचा," मल्काप्पा म्हणाला. "आणि आजपास्नं तुझ्या उंबऱ्यालाबी पाय लावायचा न्हाई. तुझं नावबी तोंडात घ्यायचा न्हाई."

तो तसाच वागला. आम्ही सांडव्याच्या वाटेनं दिसलो की बांधावरून जायचा. घरी आल्यावर मी तिला एवढंच म्हणालो, "ऐकलंस का, गावाच्या विरोधात कशाला बोलायचं?" ती म्हणाली, "बोलून झालं आता." आणि भाकरी थापायला बसली. दरवाजे तर बसणारच होते. तिच्या बोलण्यानं ना बसले ना थांबले.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मल्काप्पा आला नाही. त्याच आठवड्यात त्याची आई गंगव्वा गेली. मीही गेलो नाही. न जायचं ठरवलं होतं असं नव्हे. घरात बसलो होतो, उठावंसं वाटलं नाही. दोघींना शेजारी शेजारी बसवलं. पाऊस इतका लागला होता की दगड ठेवायला गेलो तेव्हा दोन्हीकडची माती बसून सारखी झाली होती. खड्डा काढणारा शंकऱ्या पोतं डोक्यावर घेऊन उभा होता. मी विचारलं, "कुठली रे?" त्यानं हात केला. मी दगड ठेवला. मल्काप्पानं दुसरीकडं ठेवला.

एवढंच झालं होतं.

आता स्वामींनी विभूती लावली, मंत्र म्हटला आणि म्हणाले, "काढा." मी माझा चपटा दगड बाजूला केला आणि खुरप्यानं माती काढायला लागलो. सुवर्णा हिरवा खण पसरून बसली होती. सवाष्ण गेलेल्या बाईची माती हिरव्या खणात, विधवेची पांढऱ्या कापडात, अशी रीत. मल्काप्पानं पांढरं धोतर फाडून आणलं होतं. त्याच्याकडं कुदळ होती.

माझ्याकडच्या मातीत काही नव्हतं. काळी माती, मुळ्या, एक गोगलगायीचं कवच. सुवर्णा माती हातानं मऊ करत होती. ती करताना थांबली.

"आप्पा, बांगड्या दिसंनात."

"कसल्या?"

"आईला बसवल्यावर आम्ही बायकांनी बांगड्या टाकल्या न्हवं का वरच्या मातीत. हिरव्या. मीच आणल्या होत्या बाजारातनं, सोनेरी रेघेच्या."

"असतील खाली."

"वरच टाकल्या होत्या."

आमच्या गावात सवाष्ण गेली की बायका खड्डा भरत आल्यावर वरच्या मातीत हिरव्या बांगड्या टाकतात. मी ते बघितलं नव्हतं. मी तेव्हा बाभळीखाली होतो.

तेवढ्यात मल्काप्पाची कुदळ थांबली. तो खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं आमच्याकडं न बघता म्हटलं, "लिंगाप्पा, इकडं ये."

दोन वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मी गेलो. त्याच्या तळहातावर हिरव्या बांगडीचे तुकडे होते. त्यानं फुंकर मारून माती उडवली. सोनेरी रेघ होती.

सुवर्णा माझ्या मागं उभी राहिली. "ह्या आईच्या," ती म्हणाली.

मल्काप्पाची आई तो पाळण्यात असतानाच विधवा झालेली. तिच्या मातीत हिरव्या बांगड्या कोण टाकणार? स्वामी वाकून बघत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दगड बदलले म्हणायचे," ते म्हणाले.

मल्काप्पा मटकन खाली बसला. हातातले तुकडे त्यानं टाकले नाहीत.

"म्हणजे वरीसभर मी," तो म्हणाला आणि थांबला. "म्हणजे मी ह्या बाईला पाणी घातलं?"

"व्हय," मी म्हणालो.

"दर सोमवारी."

"व्हय. मी तिथंच होतो की."

"आणि तू आमच्या आईला?"

"शेंगा ठेवत होतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "शेंगा? लिंगाप्पा, आमच्या आईला दात कुठं होते?"

सुवर्णाच्या तोंडून हसू बाहेर पडलं, तिनं पदर तोंडाला लावला. मल्काप्पा हसला नाही. तो दगडाकडं बघत होता.

"मी तपकीर ठेवत होतो," तो म्हणाला. "आईला लागायची. चिमूटभर, पानावर."

नीलव्वाला तपकिरीचा वाससुद्धा चालत नसे. माझी तंबाखूची डबी तिनं विहिरीत टाकली होती. मला ते आठवलं. सुवर्णाच म्हणाली, "काका, आईनं एक वरीस तपकीर सोसली म्हणायची."

"सोसली कसली, शिव्या घातल्या असतील मला," मल्काप्पा म्हणाला. "तिचं तोंड मला ठाव हाय."

मी स्वामींना म्हणालो, "आता जागा बदलून घेतो. तो तिकडं काढू दे, मी इकडं काढतो."

स्वामींनी मान हलवली. "कापडं बदला. माती ज्यानं पाणी घातलं त्यानंच न्यायची. वर्षभर ज्याच्या हातचं पाणी मिळालं, त्याच्याच मागनं येणार ती. हाक त्यानंच मारायची."

"म्हणजे मी ह्या बाईला हाक मारायची?" मल्काप्पा म्हणाला. "नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"ते व्हायचं न्हाई, स्वामी. मी गावसभेत बोललोय."

"मग राहू दे तिला इथं," स्वामी म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून दोन वस्त्या गाठायच्या होत्या. "दरवाजे बसलेत. पाऊस लागला की पाणी येईल. तुमचं तुम्ही ठरवा."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. नाव घ्यायचं माझ्यावरचं टळलं होतं. पण ती आता मल्काप्पाच्या तोंडावर अवलंबून होती, आणि ते तोंड कसं आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं.

मी त्याला काही विनंती केली नाही. तशी भाषा मला आली नसती. मी हिरवा खण घेऊन त्याच्यापुढं ठेवला आणि त्याचं पांढरं कापड उचलून माझ्या जागी आलो. माती बांधली. सुवर्णानं चुंबळ केली, मी बुट्टी डोक्यावर घेतली आणि वाट धरली. मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं मागून पावलं ऐकू आली. मल्काप्पाची चाल जड होती, ओळखू यायची.

पहिला ओढा लागला. त्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. मी काठावर थांबलो. गंगव्वाला मी जन्मभर काकू म्हणालो होतो. आता नाव घ्यायचं. ते सोपं गेलं.

"गंगव्वा काकू," मी म्हणालो. "ओढा आलाय. पाय जपून."

मागून मल्काप्पा म्हणाला, "मोठ्यानं मार की हाक. आईला कमी ऐकू यायचं."

"गंगव्वा काकू!" मी ओरडलो. "ओढा आलाय!"

"दुसऱ्या कानाकडनं."

मी मान वळवून परत ओरडलो. सुवर्णा पाण्यात उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. मी पाणी ओलांडून पलीकडं गेलो आणि थांबलो. मल्काप्पा अजून अलीकडच्या काठावर होता. बुट्टीवर एक हात, दुसऱ्या हातानं धोतर वर धरलेलं. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, हा आता बुट्टी खाली ठेवतो आणि जातो.

"नीलव्वा," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, बारीक होता. मग खाकरला. "नीलव्वा, ओढा हाय. दगडं निसरडी हायत. ये."

आणि त्यानं पाण्यात पाय घातला.

पुढं आम्ही चढणीला लागलो. वळणावर मी थांबायचो, ओरडायचो. मग तो थांबायचा. त्याची हाक हळूहळू लांबत गेली. आधी नुसतं वळण सांगायचा. मग वळणावर काय आहे ते सांगायला लागला. "नीलव्वा, हितं इराप्पाचा आंबा होता, तोडला परवा." "नीलव्वा, हिकडनं न्हाई, हिकडं काटं हायत." ती चालत असती तर तो इतकं बोलला नसता. मी पुढं होतो, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

माळाच्या अलीकडं पांढरा दगड आला. तांबड्या माथ्याचा. तिथं ना वळण होतं ना ओढा. हाक मारायची जागा नव्हती ती. मी तसाच पुढं गेलो. मागची पावलं थांबली.

"नीलव्वा," मल्काप्पा म्हणाला. "दगड आला बघ. पाणी हितवर येणार."

चढून आल्यानं त्याला धाप लागली होती.

"आमचा ऊस गेला," तो म्हणाला. "घरबी गेलं. तुझंबी गेलं. गेलं ते गेलं. तुझ्या कोनकेरीत आता पेला भरून देतील."

मी डोक्यावर गंगव्वाला घेऊन उभा होतो. ते मी सांगायला पाहिजे होतं, असं मला वाटलं. गावसभेच्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. पण ते मल्काप्पानं सांगितलं. मी गंगव्वा काकूला म्हणालो, "दगड आलाय, ओलांड." आणि पुढं झालो.

नव्या जागेवर खड्डे तयार होते. स्वामी मोटारसायकलवरून फेऱ्यानं येऊन आधीच पोचले होते. मी गंगव्वाची माती ठेवली. मल्काप्पानं बुट्टी उतरवली, पण हातातून सोडली नाही.

"शेवटची हाक घरच्या माणसानं मारायची," स्वामी म्हणाले. "पोचलो म्हणून सांगायचं."

मल्काप्पानं त्याच्या आईला सांगितलं. मोठ्यानं, एकाच दमात. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी खड्ड्याजवळ उकिडवा बसलो. तोंड उघडलं. नाव आत होतं, तोंडात येत नव्हतं. मी परत प्रयत्न केला. सुवर्णा म्हणाली, "आप्पा, घ्या की." मल्काप्पाच्या हातात हिरव्या खणाचं गाठोडं होतं, त्याची गाठ सैल झाली होती आणि माती थोडी थोडी गळत होती.

"ऐकलंस का," मी म्हणालो.

स्वामी म्हणाले, "नाव घ्या."

"ऐकलंस का," मी परत म्हणालो. "पोचलो."

"नाव घेतल्याशिवाय..." स्वामी सुरू झाले.

"राहू द्या, स्वामी," मल्काप्पा म्हणाला. "जन्मभर ह्याच हाकेला आलीय ती. येईल."

त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं. वाटभर डोक्यावर उन्हात होतं, त्यामुळं गरम लागलं. मी ते खाली ठेवलं आणि गाठ सोडली.